लठ्ठ देवदत्त आणि एक रतल धान्य

देवदत्त नावाचे एक लठ्ठ गृहस्थ निदान बाराशे वर्षे आपल्या शास्त्रग्रंथांतून वावरत आहेत. त्यांचे गाव, गोत्र, व्यवसाय यांपैकी कशाचाच पत्ता नाही. मीमांसकांनी त्यांच्याविषयी दोनच गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. ते लठ्ठ आहेत, आणि ते दिवसा जेवत नाहीत. एवढ्यावरून विद्यार्थ्याने ओळखायचे की देवदत्त रात्री जेवत असले पाहिजेत. त्यांना रात्री जेवताना कोणी पाहिलेले नाही. पण तसे मानल्यावाचून पहिल्या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत. अशा ज्ञानाला मीमांसक अर्थापत्ती म्हणतात आणि तिला स्वतंत्र प्रमाणाचा मान देतात. नैयायिकांचे म्हणणे असे की वेगळा मान कशाला, हे साधे अनुमानच आहे. त्या भांडणात आपल्याला पडायचे नाही. आपल्याला रस आहे तो उदाहरणात न उच्चारलेल्या वाक्यात. न जेवता कोणी लठ्ठ राहत नाही, हे ते वाक्य. शाळेत व्याकरणाच्या तासाला मास्तर 'अध्याहृत कर्ता' शोधायला लावीत. वाक्यात तो दिसत नाही, पण सारी क्रिया त्याच्याच जोरावर चालते. युक्तिवादांतही असे अध्याहृत पुष्कळ असते, आणि पोटासंबंधीच्या युक्तिवादांत तर फारच.

गेल्या दिवाळीत बदलापूरला थोरल्या भावाकडे फराळाला गेलो होतो, तेव्हा हे देवदत्त मला प्रत्यक्ष भेटले. वहिनी ताटात चकल्या वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, खरं सांगते, दिवसभर मी काही म्हणजे काही खात नाही. तरी काटा खाली यायचं नाव नाही. माझं चयापचयच मंद आहे." दादांनी तत्काळ मीमांसकाची भूमिका घेतली. "म्हणजे रात्री खातेस!" दादा स्वतः मोबाइलवर जमाखर्च ठेवतात. रोज पंधराशे उष्मांक जमा, बाविसशे खर्च, सातशेची तूट. एक किलो चरबीत सातहजार सातशे उष्मांक, म्हणून अकरा दिवसांत एक किलो उतरले पाहिजे. हा हिशेब त्यांनी तीन महिने इमानेइतबारे चालवला होता. हिशेबाप्रमाणे आठ किलो उतरायला हवे होते, उतरले तीन. उरलेल्या पाच किलोंचा ठपका ते वजनकाट्यावर ठेवतात. तेवढ्यात वहिनींची उल्हासनगरची सिंधी मैत्रीण मिठाईचा डबा घेऊन आली. तिने आपला तिसराच सिद्धान्त मांडला. "आमच्या आजीच्या वेळी कॅम्पात शिधा मोजून मिळायचा. तेव्हा कोणी जाड नव्हतं, कोणाला साखरेचा आजार नव्हता. आता घरोघर आहे. खाणं वाढलं, दुसरं काय?"

तिघेही प्रामाणिक होते आणि तिघांच्याही बोलण्यात एकेक वाक्य अध्याहृत होते. मी चकली मोडीत गप्प बसलो. कारण मला आठवत होता तो हाच वाद, पण फराळाच्या ताटावर नव्हे, लाखो भुकेल्या माणसांवर घातलेला.

दादांच्या गच्चीतून कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. हा लोहमार्ग जुना. कल्याणहून निघून अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवरून तो १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ साली भोरघाट चढून गेला. १८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा होरपळले. त्या वेळी मुंबईहून धान्याच्या वाघिणी याच रुळांवरून वर चढल्या. म्हणजे देशावर धान्य पोचत नव्हते असे नाही. ते विकत घ्यायला लोकांजवळ पैसा नव्हता. तो मिळावा म्हणून सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते बांधा, तलाव खणा, खडी फोडा आणि संध्याकाळी मजुरी घ्या. प्रश्न एवढाच उरला की मजुरी किती द्यायची.

येथे सर रिचर्ड टेंपल यांचा प्रवेश होतो. यांची कथा मोठी चमत्कारिक आहे. १८७३-७४ साली बिहार-बंगालच्या टंचाईत याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवला, हात सैल सोडून खर्च केला आणि माणसे वाचवली. त्याबद्दल शाबासकी मिळायची ती दूरच, उधळेपणाचा शिक्का मात्र बसला. तो पुसून काढण्याची संधी त्यांना तीन वर्षांनी मिळाली. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांना मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळाची पाहणी करायला धाडले. त्याच वर्षी पुढे ते मुंबईचे गव्हर्नरही झाले. त्यांनी ठरवले की कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा पुरे. रतल म्हणजे आजचे ४५४ ग्रॅम. मीठ, मिरची, सरपण, कपडालत्ता, सारे त्या अर्ध्या आण्यात. काटकसरीच्या दृष्टीने हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, अशी त्यांची मांडणी होती. प्रयोग कोणावर, हा प्रश्न अर्थात त्या कागदावर नव्हता.

टेंपलसाहेब मूर्ख नव्हते, दुष्टही नसावेत. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता नेटका होता. माणसाला जगायला अमुक लागते. तेवढे दिले की तो जगतो. जास्त दिले तर तिजोरी रिकामी होते. पण या तीन वाक्यांच्या फटींतून किती गोष्टी आत शिरल्या आहेत ते पाहावे. बसलेल्या माणसाला लागते तेवढेच खडी फोडणाऱ्याला लागते, हे गृहीत आहे. बाजारात तोललेले रतल म्हणजे पोटात गेलेले रतल, हेही गृहीत आहे. दुष्काळातल्या धान्यातले खडे, माती आणि कोंडा जणू तोलाच्या वेळी बाजूला काढून ठेवलेला असतो! ज्याची मजुरी तोच ती खातो, हे तर सर्वांत मोठे गृहीत. आई दिवसभर दगड वाहून आपला रतलभर वाटा एकटी खाईल आणि पडवीत पडलेल्या सासूकडे पाठ फिरवील, असे मानणाऱ्या माणसाने आपल्याकडचे घर पाहिलेले नसते. आणि पाहणी? साहेबांनी दौऱ्यात कामावरची माणसे पाहिली. त्यांची प्रकृती त्यांना बरी वाटली. बरी वाटणारच. ज्यांच्या अंगात उभे राहण्याची ताकद उरली नव्हती, ते कामावर नव्हतेच. ते गावी होते, रस्त्याकडेला होते, किंवा कोठेच नव्हते.

मुंबई इलाख्यात मजुरीची ही कपात लागू झाली, तशी हजारो माणसे कामे सोडून चालती झाली. याला त्या काळी दुष्काळी कामांवरचा संपच म्हटले गेले. भुकेल्या माणसांनी अन्न देणाऱ्या कामावर बहिष्कार टाकावा, ही घटना आपल्या इतिहासात अपूर्वच म्हटली पाहिजे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवून लोकांची बाजू मांडली. सरकारी गोटातले उत्तर ठरलेले होते. गेले ना सोडून? म्हणजे त्यांना गरज नव्हती. हे उत्तर मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला देवदत्त आठवतो; रचना अगदी तीच आहे. हा माणूस कामावर येत नाही आणि तरी जिवंत आहे, म्हणून तो कोठेतरी जेवत असला पाहिजे. फरक इतकाच की देवदत्ताचा लठ्ठपणा डोळ्यांना दिसत होता, आणि या माणसांचे उद्या जिवंत असणे मात्र अध्याहृत धरले होते.

त्या दिवसांत शिरढोणचा एक तरुण पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरीला होता. लहानपणी तो आपल्या या कल्याणलाच शाळेत होता. हा दुष्काळ त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि १८७९ साली त्याने बंड पुकारले. वासुदेव बळवंत फडके हे त्याचे नाव. दुसऱ्या बाजूला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजातर्फे १८७७ च्या मेमध्ये दुष्काळातल्या मुलांच्या बालाश्रमासाठी मदतीचे आवाहन केले. पुण्याजवळ धनकवडीला मुलांना जेवू घालण्याची सोय होती. मजुरीच्या हिशेबात जे पोट धरलेच नव्हते, त्याची ही तजवीज.

टेंपलसाहेबांना खरा विरोधक भेटला तो मद्रासेत. डॉ. कॉर्निश हे त्या इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर. त्यांनी सरळ विचारले की मेहनत करणाऱ्या कैद्याला तुरुंगात याहून जास्त मिळते, मग निरपराध मजुराला कमी का? विश्रांतीतले शरीर आणि कष्टातले शरीर यांचा खर्च वेगळा असतो, हे त्यांनी त्या वेळच्या शास्त्राच्या आधारे मांडले. दोघांची लेखी जुगलबंदी पुष्कळ रंगली. 'मद्रास टाइम्स'चे संपादक विल्यम डिग्बी यांनी ती १८७८ साली आपल्या दुष्काळावरील द्विखंडी ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. कॉर्निशांची बाजू खरी होती, हे १८८० च्या दुष्काळ आयोगानेच एक प्रकारे कबूल केले. काम करणाऱ्या पुरुषासाठी त्याने सुमारे दीड रतल धान्याचे प्रमाण सुचवले. तोवर त्या आयोगाच्याच अंदाजाने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे साडेबावन्न लाख माणसे गेली होती.

पण न्यायाने बोलायचे तर कॉर्निशांच्या युक्तिवादातही एक कच्चा दुवा होता. त्यांचा मोठा भर नत्रावर, म्हणजे आपण ज्याला प्रथिने म्हणतो त्यावर होता. स्नायूंची ताकद नत्रयुक्त अन्नातूनच येते, हे मत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या काळापासून चालत आले होते. १८६५ साली फिक आणि विस्लिकेनुस हे दोन प्राध्यापक नत्रयुक्त अन्न वर्ज्य करून स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. त्यांनी आपलेच मूत्र तपासले आणि दाखवून दिले की एवढी चढण केवळ प्रथिनांच्या जोरावर होऊ शकत नाही. म्हणजे कॉर्निशांचा निष्कर्ष बरोबर होता आणि आधार अर्धाच भक्कम होता. असे होते. चुकीच्या खांबावरही छप्पर काही काळ नीट टिकते. म्हणून तर निष्कर्ष पटला की आपण खांब तपासायचे सोडून देतो.

आता एक छोटा हिशेब मांडतो. ज्वारीच्या शंभर ग्रॅमला सुमारे ३४९ उष्मांक. त्या हिशेबाने एक रतल ज्वारीचे होतात १,५८० च्या आसपास. हा आकडा ध्यानात ठेवावा. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे छत्तीस निरोगी तरुण स्वखुशीने त्यासाठी पुढे आले. पहिले काही आठवडे त्यांना पोटभर जेवू घालून मोजमापे घेतली, आणि मग १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे रोज सुमारे १,५७० उष्मांकांवर ठेवले. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे. टेंपलसाहेबांचे रतल आणि कीजचे ताट जवळजवळ सारखेच निघावे हा योगायोग; पण असा योगायोग की त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या वादाचा निकाल लागावा. त्या तरुणांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटले. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. नाडी मंदावली, जिना चढवेना, हसणे थांबले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवून ती वाचत बसू लागले. आणि बसल्या जागी शरीर जो खर्च करते, तो सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. शरीर घटले म्हणून काही, आणि उरलेल्या शरीराने हात आखडता घेतला म्हणून काही. लक्षात घ्या, हे तरुण पोटभर जेवून आलेले, रोज डॉक्टर तपासणारे, अंगावर गरम कपडे असलेले होते. खडीच्या ढिगावरच्या माणसांजवळ यातले काहीच नव्हते.

दादांचे हरवलेले पाच किलो मला येथे सापडतात. जमा कमी केली तरी खर्च होता तेवढाच राहील, हे त्यांच्या मोबाइलचे अध्याहृत. घरात पगार कमी झाला तर गृहिणी खर्च पूर्वीइतकाच ठेवील काय? शरीर हे फार जुन्या वळणाचे, फार सावध गृहिणीचे घर आहे. दादांनी तीन महिन्यांत आणखी काय केले होते, ते वहिनींनी सांगितलेच. संध्याकाळी स्टेशनवरून चालत येणे सोडून ते रिक्षाने येऊ लागले होते. थकवा वाटतो म्हणून. आणि हा खर्च बाविसशेच्या खात्यात कोणीच वजा केला नव्हता.

मग वहिनींचे मंद चयापचय खरे मानायचे काय? येथे मात्र देवदत्ताची साक्ष काढावी लागते. त्यांना रात्री जेवताना अखेर १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये पाहण्यात आले. काहीही खात नाही तरी वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या दहा माणसांची तेथील डॉक्टरांनी तपासणी केली. त्यांना खास खुणेचे पाणी पाजले. त्या पाण्यातली खुणेची मूलद्रव्ये शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात, यावरून खर्च कळतो आणि खर्चावरून खाणेही कळते. दहाही जणांचा बसल्या जागचा खर्च त्यांच्या शरीराच्या मानाने ठीक होता. त्यांनी लिहून दिलेल्यापेक्षा त्यांचे खरे खाणे मात्र जवळजवळ दुप्पट निघाले. मी हे सांगितले तेव्हा दादा टाळ्या पिटू लागले. पण ती माणसे खोटारडी होती असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. पाक चाखून पाहणे, मुलाच्या ताटात उरलेला भात संपवणे, चिवडा कुरकुरीत झाला का ते मूठभर तोंडात टाकून ठरवणे, हे वहिनींच्या हिशेबी खाणे नव्हे, ते काम आहे. जे ताटात वाढून घेतले तेवढेच खाल्ले, हे त्यांचे अध्याहृत. आणि जिने चाळीस वर्षे सगळ्यांच्या मागून ताट वाढून घेतले तिच्या तोंडी ते शोभतेही.

मैत्रिणीचे म्हणणे याहून अवघड आहे. त्यासाठी थोडे कॅम्पात जावे लागेल. मिनेसोटात तो प्रयोग चालू होता, त्याच सुमारास कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना याच छावणीच्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव आले. लोक मात्र आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. सुरुवातीचा काळ शिध्याचा. मग लोक पापड लाटून, मिठाया करून, लोकलमध्ये फिरून वस्तू विकून आपल्या पायांवर उभे राहिले. आजी तेव्हा बारीक होत्या हे खरे. पण बारीक म्हणजे निरोगी, हे आपण कोठून आणले?

हाच प्रश्न पुढे पुण्यातल्या दोन थोर मराठी माणसांमध्ये वादाचा विषय झाला. माझ्या मते तो आपल्याकडच्या आहारविषयक वादांतला सर्वांत मोठा वाद, आणि मराठी वाचकांना सर्वांत कमी ठाऊक असलेला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरमाणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, ही त्यांची रेघ. त्या रेघेखाली १९६०-६१ साली खेड्यांतले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले सुमारे पन्नास टक्के लोक होते. यावर प्रतिवाद केला तो पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ ते १९७० संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत होते आणि नंतर पुण्याला परतले. ते म्हणाले, सरासरी ही किमान गरज नव्हे. एकाच निरोगी माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते, शरीर आपला खर्च आपणच सांभाळून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी मानला तर भुकेल्यांची संख्या भलतीच फुगते.

सुखात्म्यांनी दांडेकरांचे अध्याहृत अचूक पकडले होते, यात शंका नाही. सरासरी उंचीहून कमी उंचीचा प्रत्येक माणूस बुटका नसतो. उलट सुखात्मे आणखी एक फार मोलाची गोष्ट सांगत. पाणी घाण असेल आणि मूल सतत जुलाबाने आजारी असेल, तर ताटात कितीही वाढा, अंगी लागणार नाही. पण त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादातही न बोललेले काही होतेच. खाण्यातले चढउतार मोजले होते ते पोटभर जेवणाऱ्या माणसांचे, लष्करातल्या जवानांसारख्यांचे. त्यांचा आठवडा कमी गेला तर पुढचा भरून निघतो. भूमिहीन मजुराचा कमी आठवडा पुढच्या कमी आठवड्याला भेटतो. दोघांचा आलेख काही दिवस सारखा दिसेल, पण एकाचा झोका आहे आणि दुसऱ्याची घसरण. शिवाय शरीर जुळवून घेते हे खरे. कीजच्या तरुणांनीही जुळवून घेतलेच होते, हळू चालून, कमी हसून. जुळवून घेण्याची किंमत कोणी, कशात मोजायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आयुष्य घालवलेले डॉ. गोपालन याच मुद्द्यावर तुटून पडले. वाढ खुंटवून जगलेल्या मुलाला लहान पण निरोगी म्हणणे त्यांना मान्य नव्हते. दांडेकरांनी १९८१ साली उत्तर देताना आपली भूमिका स्पष्ट केली की दारिद्र्य आणि कुपोषण ही एकच वस्तू नव्हे. ही गोष्ट त्यांनी १९७१ मध्येच ठळकपणे लिहिली असती तर अर्धा वाद वाचला असता, असे माझे मत आहे. पण मग आपल्याला इतके शिकायलाही मिळाले नसते.

या वादाचा पुढचा अध्याय पुन्हा पुण्याचाच. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. आपले बाळ सगळ्याच बाबतींत तेवढ्या प्रमाणात लहान असणार, असे कोणीही धरून चालले असते. मोजले तेव्हा दिसले की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. काटकुळे दिसणारे बाळ चरबीच्या मानाने काटकुळे नव्हतेच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आपला आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटोच छापला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचाही आकडा २२.३, तंतोतंत एक. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा दोघांना एकच सांगत होता. वजन म्हणजे चरबी, हे जगभरच्या दवाखान्यांतले अध्याहृत दोन डॉक्टरांनी अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्यांनिशी मोडून दाखवले.

मैत्रिणीच्या आजी बारीक होत्या आणि नातवंडांना मधुमेह आहे, या दोन वाक्यांच्या मध्ये 'खाणे वाढले' एवढेच नसून बरेच काही असू शकते. आईच्या पोटात असताना कमी मिळाले, आणि पुढे भरपूर मिळाले, तर शरीर त्या भरपूरपणाशी कसे वागते, हा प्रश्न त्यात आहे. त्याचे पूर्ण उत्तर आल्याचा दावा मी करणार नाही; पण एवढे खरे की एकच लाडू आजीच्या आणि नातीच्या अंगात एकच काम करतो, असे आता धरून चालता येत नाही.

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनच वेळा जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकरांचे थोडे थोडे, वेळच्या वेळी खाणे यांवरून जे पक्ष पडले होते, ते आठवत असतील. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून घेतलेली पंचावन्न मिनिटांची मर्यादा आमच्या घरात घड्याळ लावून पाळली गेली. मला गंमत वाटे ती दोन्ही पक्षांच्या पुराव्याची. अमक्याचे दहा किलो उतरले, तमकीची साखर उतरली. ज्यांचे उतरले ते सांगायला येत. ज्यांनी चौथ्या आठवड्यात सोडून दिले ते लग्नाच्या पंगतीत मुकाट जिलेबी घेत. टेंपलसाहेबांनाही कामावर टिकलेलीच माणसे दिसली होती.

हे सगळे त्या दिवशी मी बोललो असे नाही. फराळाच्या दिवशी कोणी एवढे ऐकून घेत नाही. आणि मीही वहिनींच्या चकल्या खाऊन वहिनींच्याच विरुद्ध न्यूयॉर्कची साक्ष काढल्यावर अधिक बोलण्यात अर्थ नव्हता. मैत्रिणीने आपल्या आजीचा एक किस्सा सांगितला तेवढा लिहितो. कॅम्पात शिधा आणल्यावर आजी तो घरी पुन्हा तोलत. दुकानदारावर अविश्वास म्हणून नव्हे. एक हिस्सा आधीच बाजूला काढायचा असे, शेजारच्या बराकीतल्या एकट्या म्हाताऱ्याचा. त्याचे कार्ड होते, पण रांगेत उभे राहण्याएवढे पाय नव्हते, आणि कार्डावर मिळे ते त्याला पुरत नसे.

रात्रीच्या लोकलने अंबरनाथला परतलो. पिशवीत चिवड्याचा डबा होता. त्यावर दादांनी चिठ्ठी चिकटवली होती, शंभर ग्रॅमला किती उष्मांक ते लिहून. मी डबा आमच्या मजल्यावरच्या जिन्यातच उघडला, कारण समोरच्या बिऱ्हाडातली तीन मुले दारात उभी होती.